जुन्या घरात कोळशाची शेगडी: पेटवायची कशी, बाहेर न्यायची कधी

ठाण्यात थंडीसाठी शेगडी म्हटलं की लोक हसतात. शेजारच्या मुंबईत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. पण चेंदणीतल्या आमच्या कौलारू घरात जानेवारीच्या पहाटे लादी पायाला चावते, आणि घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असली की माळ्यावरची शेगडी खाली उतरतेच.

आधी कोळसा. लोणारी कोळसा घ्या, म्हणजे लाकडाचा. कोरडा, आपटला की खणखणणारा. ओलसर असेल तर तडतडतो आणि ठिणग्या गोधडीवर उडतात. दगडी कोळसा उघड्या शेगडीत नको. कडाक्याच्या थंडीच्या मुलखात तो घरात जाळतात, पण बंद लोखंडी शेगडीत, आणि तिचं धुराडं थेट छपराबाहेर निघतं. आपल्या बादलीच्या शेगडीला धुराडं नाही. तिच्यातून जे निघेल ते खोलीतच राहणार.

एका खोलीला अर्धा किलो पुरे. एक किलो कोळशात साधारण ८ युनिट विजेएवढी उष्णता असते. म्हणजे अर्ध्या किलोत हजार वॉटचा हीटर चार तास चालवल्याएवढी.

पेटवायची अंगणात किंवा ओट्यावर, घरात नाही. जाळीखालची जुनी राख झटका आणि शेगडीचं खालचं तोंड वाऱ्याकडे करा. जाळीवर करवंटीचे तुकडे, त्यांत दोन कापराच्या वड्या, वर सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराचे कोळसे, सैल रचलेले. रॉकेल ओतू नका, वास दोन दिवस जात नाही आणि भडका उडतो तो वेगळाच. पुठ्ठ्याने वारा घाला. आधी करडा धूर, मग कडा लाल, मग लाल कोळशावर राखेची पांढुरकी साय. याला वीसएक मिनिटं लागतात. साय धरेपर्यंत शेगडी आत आणू नका.

आणि इथेच माणूस फसतो. धूर थांबला म्हणजे धोका टळला असं वाटतं. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

‘आमची आजी आयुष्यभर शेगडी घेऊन झोपली’ हे मीही ऐकलंय. खरंही आहे. पण आजीच्या वेळी कौलांच्या फटींतून वारा खेळायचा आणि दाराखालून मांजर जायचं. आम्ही पीओपीचं छत घातलं, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. शेगडी तीच, घर मात्र डब्यासारखं बंद. एका रात्री मी आणि चुलतभाऊ राखेने झाकलेली शेगडी माजघरात ठेवून झोपलो. मध्यरात्री बाबा पाणी प्यायला उठले, त्यांना गरगरलं म्हणून त्यांनी दार उघडलं. आम्हा दोघांना ओट्यावर आणून बसवलं तेव्हा डोकं ठणकत होतं, उलटी आली, आणि तरी पुन्हा आत जाऊन झोपावंसंच वाटत होतं.

म्हणून आमच्या घरचा नेम असा. शेगडी तीन विटांवर, अंथरूण-पडद्यांपासून हातभर लांब. समोरासमोरची दोन झापं वीतभर उघडी. ऊब थोडी जाते, जाऊ द्या. खोलीत एक जागं मोठं माणूस हवंच. तासाभराने, झोपायच्या आधी, शेगडी घराबाहेर. राख घालून रात्रभर विस्तव जिवंत ठेवणं तर अजिबात नको. बाळाच्या खोलीत शेगडी नेऊच नका. गोधडी आणि दुपटी ओट्यावर शेकून आत न्या. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो जरूर लावा. एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखायला लागलं, चक्कर आली, मळमळलं तर कारण शोधत बसू नका. सगळे बाहेर, आणि १०८ ला फोन.

उरलेले निखारे चिमट्याने पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावा आणि डबा बाहेरच ठेवा. हवा तुटली की ते विझतात आणि दुसऱ्या दिवशी नव्या कोळशापेक्षा लवकर धरतात. झाकण सकाळपर्यंत उघडू नका. वरून गार दिसणाऱ्या कोळशाच्या पोटात बराच वेळ विस्तव असतो.