अद्भुत कादंबरीतलं पात्र बोलतं कसं करावं

अद्भुत कादंबरी लिहायला बसलेल्या बहुतेकांकडे नकाशा आधीच तयार असतो. राज्यं, डोंगररांगा, राजघराण्याच्या सात पिढ्या. पात्रांबद्दल विचारलं की एक तक्ता पुढे येतो: डोळ्यांचा रंग, उंची, आवडता पदार्थ, लहानपणीचा आघात आणि सगळ्यात खाली शक्ती. हा तक्ता भरायला सांगणारे सल्ले जागोजागी मिळतात. तो भरू नका. त्यातली एकही नोंद लिहिताना कामाला येत नाही. पात्र तोंड उघडतं तेव्हा ते कुणापुढे उभं आहे आणि त्याला काय लपवायचं आहे, एवढ्यावरच ते जगतं किंवा मरतं. मी कोल्हापुरात बसून अद्भुत कादंबऱ्या लिहिते आणि प्रत्येक पात्र पुढे दिलेल्या क्रमानेच उभं करते.

आधी काम द्या

पात्र पोटासाठी काय करतं, ते एका ओळीत लिहा. 'योद्धा' आणि 'राजकुमार' ही कामं नव्हेत. ज्या कामाची हत्यारं, वेळा आणि शिव्या तुम्हाला माहीत आहेत, असं काम निवडा. या लेखापुरती आपण रखमी घेऊ. ती गुऱ्हाळावर गुळव्या आहे. काईलीतला, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईतला, रस कधी उकळला, मळी कधी काढायची, पाक कधी धरला आणि काईल चुलवाणावरून कधी उतरवायची, हे ती ठरवते.

मग शक्ती, तीही एका वाक्यात

पाकाच्या बुडबुड्यांत रखमीला दुसऱ्याचं मरण दिसतं. झालं. याला दुसरं वाक्य लागलं तर शक्ती मोठी झाली आहे, कापा.

किंमत

जादूची किंमत म्हणून नाकातून रक्त, घेरी, पांढरे होणारे केस हे सगळं वाचून वाचक थकलेला आहे. या किमतीत आणखी एक खोट आहे: ती जादू करणाऱ्यानेच भरायची असते, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा तिच्याशी संबंध येत नाही. किंमत शेजाऱ्यावर पडली पाहिजे. रखमी पाकात बघत राहिली की पाक पुढे जातो आणि सगळं आधण, म्हणजे काईलीतला एका वेळचा रस, बिघडतं. ज्याचा ऊस आहे तो शेतकरी रात्रभर तिथेच घोंगडी घेऊन बसलेला असतो. आता तिच्या प्रत्येक भाकितामागे नुकसान झालेला एक माणूस उभा आहे, त्याला नाव आहे, आणि तो उद्या गावात बोलणार आहे. कथानक इथून आपसूक सुटतं.

किमतीला आकडा असावा आणि तो साध्या माणसांना पाठ असावा. कोल्हापुरात पावसाळ्यात कुणीही विचारतं, "पाणी किती फुटावर?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९च्या पुरानंतर हे आकडे नदीकाठच्या लहान पोरांनाही सांगावे लागत नाहीत. कुठल्या आकड्याला गाठोडं बांधायचं आणि कुठल्याला जनावरं सोडायची, हे घराघरात ठरलेलं असतं. तुमच्या जगातल्या जादूचंही असंच हवं. तिचे नियम म्हाताऱ्या गुरूने गुहेत समजावून सांगू नयेत. गावातली माणसं त्या नियमांवर आपले दिवस बेतताना दिसावीत.

बोली

इथे घाई करू नका. हा टप्पा मला सगळ्यात जड गेला आणि मराठीत अद्भुत लिहिणारे बहुतेक जण इथेच अडतात. कारण साधं आहे. काल्पनिक जग आलं की आपला हात आपोआप पौराणिक नाटकाच्या भाषेकडे जातो. रखमी म्हणू लागते, "स्वामी, माझ्या दिव्यदृष्टीला महासंकटाची चाहूल लागली आहे." या वाक्यात रखमी नाही, गुऱ्हाळ नाही, भीती नाही. दुसऱ्या टोकाला तितकंच वाईट घडतं: परभाषेतल्या पुस्तकांचं भाषांतर वाचून वाचून पात्रं भाषांतरासारखी बोलू लागतात.

यावरचा माझा नियम कडक आहे. पात्राने जादूबद्दल कामाच्या शब्दांतच बोलायचं. रखमीला गुऱ्हाळाच्या मालकाचं, आण्णाचं मरण दिसलंय. ती एवढंच म्हणते:

"आण्णा, आजचं आधण घालू नगासा."
"का गं?"
"पाक धरायचा न्हाई."
"ऊस तोडून पडलाय. वाळून वजन घटंल की."
"घटू दे."

मरणाचा शब्द कुठेच नाही. 'घटू दे' म्हणणारी गुळव्या आयुष्यात कुणी बघितलेली नसते, म्हणून आण्णा गप्प होतो आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो.

आता संबोधनं. मराठी लेखकाच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार हे, आणि आपण ते वापरतच नाही. तू, तुम्ही, आपण, आणि त्यांच्या जोडीला आक्का, आण्णा, मामा, वैनी, भावा, पोरी. तुमच्या जगात कोण कुणाला काय म्हणतं, हे नकाशाच्या आधी ठरवा. आपण अंबाबाईला 'तू' म्हणतो आणि कचेरीतल्या कारकुनाला 'साहेब'. जवळीक आणि सत्ता यांच्या वाटा वेगळ्या आहेत, हे त्यातून कळतं. तुमच्या काल्पनिक राज्यात देवाला काय म्हणतात? बापाला अहो-जाहो आहे की अरे-तुरे? सून सासूला काय हाक मारते?

हे ठरलं की एका शब्दात प्रसंग फिरवता येतो. आण्णाने रखमीला लहानपणापासून 'रखमे', 'पोरी' अशीच हाक मारली आहे. तिला पाकात काय दिसतं हे त्याला कळतं, त्या दिवशी तो घोंगडी सरकवतो आणि म्हणतो, "तुम्ही बसा." पुढे एक अक्षरही लिहू नका. 'आण्णाच्या मनात भीती दाटून आली' हे वाक्य तर कधीच नको. त्या 'तुम्ही'मध्ये भीती आहे, आणि रखमीचं एकटेपणही तिथूनच सुरू होतं.

बोली कागदावर उतरवताना हात आवरता ठेवा. प्रत्येक शब्द उच्चारानुसार लिहिला तर वाचक अडखळतो आणि पात्र नमुना बनतं. तीन-चार खुणा निवडा आणि शेवटपर्यंत पाळा. माझ्या खुणा ठरलेल्या आहेत: 'करालाईस', 'चाललाईस' अशी क्रियापदं, वाक्याच्या शेवटचा 'की' आणि 'बघ', आणि आमच्याकडच्या बायकांचं 'मी येतो', 'मी सांगतो'. या शेवटच्या रूपावर मुद्रितशोधक हमखास लाल खूण करतात. ते रूप सोडू नका. आमच्या आज्या, आत्या अशाच बोलल्या, आणि रखमीने 'मी येते' म्हटलं तर ती दुसऱ्याच गावची होईल. निवेदन मात्र साध्या प्रमाण मराठीत ठेवा, म्हणजे बोलीला उठाव मिळतो.

एका गोष्टीवर मी कुणाचंही ऐकून घेत नाही. नायक-नायिकेला प्रमाण भाषा आणि नोकर, पहारेकरी, विनोदी जोडीदार यांना बोली, ही वाटणी ताबडतोब मोडा. ती वाचणाऱ्या लाखो माणसांना सांगते की तुमच्या घरातल्या भाषेत फक्त हसता येतं. कादंबरीतला सगळ्यात खोल विचार, सगळ्यात अवघड निर्णय बोलीत बोलला गेला पाहिजे. तो बोलीत मावत नाही असं वाटलं तर विचार अजून कच्चा आहे.

मग जड संस्कृत शब्द कुठेच नकोत का? हवेत, पण त्यामागे कुणाचा तरी निर्णय हवा. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. दरबाराने कुठले शब्द वापरायचे हे ठरवणं हा राज्यकर्त्याचा हक्क असतो. तुमच्या राज्यातही तसं दाखवा: फर्मानात नवा, भारदस्त शब्द येतो आणि बाजारपेठेतला अडत्या जुनाच शब्द वापरत राहतो. त्याला त्याबद्दल दंड होतो की नाही, यावरून त्या राज्याबद्दल दहा पानांच्या इतिहासापेक्षा जास्त कळतं.

आता सरावाचा प्रसंग. हा कादंबरीत घालायचा नाही, पण लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. पात्राला चार जणांकडे उसने पैसे मागायला लावा. रखमी आईला म्हणेल, "आये, गाडग्यातलं दोन दे. बाजारादिवशी ठेवतो परत." मालकाला, "आण्णा, पुढच्या हप्त्याचं आत्ता दिलासा तर बरं व्हईल." मैत्रिणीला, "ए, पैसं हाईत काय तुझ्याकडं?" सावकारापुढे ती तोंडाने मागणारच नाही. त्याच्या म्हशीची चौकशी करील, दारात उभी राहील, आणि त्याने विचारेपर्यंत थांबेल. चारही ठिकाणी ती सारखीच बोलली, तर पात्र अजून उभं राहिलेलं नाही. शक्ती वाढवून, भूतकाळात आघात घालून हे दुरुस्त होत नाही. पुन्हा हाच प्रसंग लिहा.

कान तयार करायचा असेल तर कपिलतीर्थ मंडईत सकाळी जा, किंवा गगनबावड्याच्या एसटीत बसा. लोकांची वाक्यं टिपू नका, ती घरी आल्यावर मेलेली निघतात. कोण कुणाला काय म्हणालं आणि भाव ठरताना ते संबोधन कधी बदललं, एवढंच टिपा. 'मावशी'ची 'बाई' कुठल्या क्षणी झाली ते पकडता आलं की पुष्कळ झालं.

नाव

शेवटी ठेवा. ज्या गावात आणि ज्या घरात पात्र जन्मलं, तिथे ठेवलं गेलं असतं असं नाव. परभाषेतल्या पुस्तकांसारखी मधेच लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) असलेली नावं नकोत.

खलनायक

इथे आमच्या गावाची कथा उपयोगी पडते. देवीने कोल्हासुराला मारलं, तेव्हा मरताना त्याने मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहावं, आणि देवीने ते दिलं, असं सांगतात. ललिता पंचमीला त्र्यंबोली टेकडीवर कोहळा फोडतात, त्याचाही संबंध या वधाशी जोडतात. म्हणजे नगरी अंबाबाईची आणि नाव असुराचं. ज्यांनी ही कथा रचली आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना खलनायक कसा लिहावा हे पक्कं माहीत होतं. त्याला मागणं आहे. ते मागणं क्षुद्र नाही, आणि ते मान्य करावंसं वाटतं.

म्हणून खलनायकाचा पहिला प्रवेश लिहिण्याआधी त्याचं शेवटचं मागणं लिहून काढा. 'जगावर राज्य' हे मागणं नव्हे. ते नायिकेकडे मागता येईल आणि तिला द्यावंसं वाटेल, असं हवं. रखमीच्या गोष्टीत सावकाराला फक्त आपलं मरण केव्हा आहे ते जाणून घ्यायचंय, कारण त्याची मुलगी अजून लहान आहे. तो त्यासाठी गावभरची आधणं बिघडवायला तयार आहे.

वाचन

अद्भुत लिहिणाऱ्याने अद्भुत कमी वाचावं. बखरी, जुनी पत्रं, जात्यावरच्या ओव्या, शेतीची आणि धंद्याची पुस्तकं वाचा. ओव्यांत बाई भावाशी, सासूशी, विठ्ठलाशी वेगवेगळ्या आवाजात बोलते. वर सांगितलेला बोलीचा सगळा टप्पा तिथे आयता शिकायला मिळतो. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. पुस्तकं विकत घेणं परवडत नाही, ही सबब इथे चालत नाही.

तपासणी

मसुदा झाला की संवाद मोठ्याने वाचा, आणि ते बोली जगणाऱ्या माणसाला ऐकवा. लेखक मित्र नको. तुमच्या पात्राच्या धंद्यातला, त्याच्या वयाचा माणूस गाठा. गोष्ट कशी वाटली हे विचारू नका, तो चांगुलपणाने चांगली म्हणेल. फक्त वाचत राहा आणि त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. जिथे तो "आमच्यात असं न्हाई म्हणत" म्हणेल तिथे थांबा, कसं म्हणतात ते विचारा आणि त्याच पानाच्या समासात लिहून घ्या.