पाहुणा एसी १६ वर का नेतो?

तुम्ही भाड्याने दिलेल्या खोलीत उन्हातून आलेला पाहुणा शिरतो, खोली तापलेली असते, तो रिमोट उचलतो आणि आकडा थेट १६ वर नेतो. त्याने खोली लवकर गार होत नाही. एकाच वेगाने चालणाऱ्या साध्या कॉम्प्रेसरला १६ काय नि २५ काय, सुरुवातीचा गारवा तेवढाच. फरक इतकाच, की १६ वर तो थांबायचं नाव घेत नाही. पाहुणा दमून झोपी जातो, पहाटे कुडकुडत दुलई ओढून घेतो आणि एसी चालूच राहतो. याला पाहुण्याची बेफिकिरी म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला खोली तापलेली मिळाली, हे खरं कारण.

म्हणून तो पोचण्याच्या पाऊण तास आधी कामाला लागा. पहिली दहा मिनिटं दारं-खिडक्या उघडून पंखा जोरात लावा, म्हणजे कोंडलेली गरम हवा निघून जाईल. मग सगळं बंद करा, पडदे ओढा, एसी २४ वर आणि पंखा मंद ठेवा. पाहुणा आत आला की आकडा २६ वर नेऊन रिमोट त्याच्या हातात द्या. अंगावर पंख्याची झुळूक असली की २६ सुद्धा बहुतेकांना पुरतो. छताच्या पंख्याला साधारण ७५ वॅट लागतात, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा असेल तर ३० च्या आसपास. एसीपुढे हा खर्च नगण्य आहे.

एवढं करूनही खोली गार होत नसेल तर आधी टनाचा हिशेब तपासा. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर टाकण्याची क्षमता. ढोबळमानाने १०० ते १२० चौरस फुटांना एक टन आणि १५० ते १८० चौरस फुटांना दीड टन धरा. वर थेट गच्ची असेल किंवा मोठी खिडकी पश्चिमेला असेल तर त्यातल्या त्यात जास्त टनाचा एसी धरा. नुसता बसलेला माणूसही साधारण १०० वॅट उष्णता देतो, त्यामुळे दोघांच्या खोलीत चौघे राहिले तर भार वाढतोच. मात्र गरजेच्या दुप्पट एसी लावणं हीसुद्धा चूक आहे. खोली झटकन गार होऊन कॉम्प्रेसर थांबतो, हवेतला दमटपणा तसाच राहतो आणि अंथरूण ओलसर लागतं.

दाराखालची फट हा सर्वांत दुर्लक्षित दोष. तिथे ब्रशची पट्टी लावा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली मिळाली तर आतल्या जाड पडद्यापेक्षा जास्त उपयोग होतो, कारण ऊन काचेतून आत आलं की ती उष्णता आत आलीच.

दीड टनाच्या एसीला स्वतंत्र सर्किट हवं: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच; सी-कर्व्ह म्हणजे सुरुवातीचा क्षणिक धक्का सोसणारा). त्याहून नाजूक बी-कर्व्ह असेल तर साधा कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या धक्क्याने तो मधूनच पडू शकतो.

खोली भाड्याने देण्यापूर्वी तिथे स्वतः एक रात्र झोपा आणि उशीजवळ थर्मामीटर ठेवा. एसीचा सेन्सर वर छताजवळच्या युनिटमध्ये असतो, त्यामुळे रिमोटवरचा आकडा आणि पलंगावरचं तापमान यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. झोत थेट डोक्यावर येत असेल तर पात्या वर वळवा. गार हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक छोटा कागद लावा. त्यावर एवढंच पुरे:

गारव्यासाठी बर्फाच्या फुलाचं चिन्ह निवडा. थेंबाचं चिन्ह दमटपणा घालवण्यासाठी, सूर्याचं ऊब देण्यासाठी.
एसी बंद करून लगेच सुरू केल्यास गारवा यायला तीन मिनिटं लागतात.
खिडकी उघडायची असेल तेव्हा एसी बंद ठेवा.

‘एसी बिघडला’ म्हणून रात्री दार वाजतं तेव्हा चुकून दुसरा मोड लागलेला असणं किंवा रिमोटचे सेल उतरलेले असणं हे नेहमीचं. जादा सेल खोलीतच ठेवा. काही मॉडेलांमध्ये किमान तापमान बांधून ठेवता येतं, ते तंत्रज्ञाकडून २२ वर करून घ्या. त्याखाली जायची सोयच नसली की वाद उरत नाही.

जास्त दिवस राहणाऱ्यांसाठी खोलीला सबमीटर, म्हणजे त्या खोलीपुरता वेगळा वीजमीटर बसवा. येताना आणि जाताना दोघांनी मिळून आकड्याचा फोटो काढावा, रोज किती युनिट भाड्यात आणि पुढच्या युनिटचा दर काय, हे आधी लिहून द्यावं. मर्यादा अंदाजाने ठरवू नका. आठवडाभर खोली नेहमीसारखी वापरून सबमीटर वाचा आणि मग ठरवा.

एसी रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी आतल्या युनिटची जाळी (फिल्टर) धुवा. ती तुंबली की हवा अडते, कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळून पाणी भिंतीवरून ओघळतं. जाळी स्वच्छ असूनही पाणी गळत असेल तर ड्रेन पाइप तुंबलेला असतो किंवा त्याचा उतार बिघडलेला असतो. ‘गॅस संपलाय’ असं सांगून कोणी दरवर्षी गॅस भरू लागला तर त्याला थांबवा. हा गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि ती बुजवल्याशिवाय भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

थंडीत जपायचं ते जिवाला. बंद खोलीत शेगडी किंवा गॅसचा हीटर कधीही देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. घरात कुठेही ज्वलनावर चालणारं उपकरण असेल तर त्या वायूचा अलार्म बसवा. झोपण्याच्या खोलीत तेल भरलेला विजेचा रेडिएटर चांगला: उघडी तार नाही, आवाज नाही. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो १६ अँपिअरच्या भिंतीवरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डाला नाही. पडदा आणि अंथरूण एक मीटर दूर ठेवा, हीटरवर टॉवेल वाळवू नये हेही कागदावर लिहा. गरम-गार दोन्ही करणारा एसी असेल तर कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या युनिटवर साचलेला हिमाचा थर वितळवायला तो मधूनच काही मिनिटं ऊब थांबवतो. हा बिघाड नव्हे, हे पाहुण्याला आधीच सांगा.

गिझरचंही गणित मांडून ठेवा. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं, २००० वॅटच्या गिझरला त्यासाठी साधारण २१ मिनिटं. त्यात गार पाणी मिसळून ४० अंशांचं सुमारे ३० लिटर मिळायला हवं, प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण वापरताना टाकीत गार पाणी शिरत राहतं. दोघे पाठोपाठ आंघोळीला जाणार असतील तर मध्ये वीस मिनिटं सोडावी लागतील किंवा २५ लिटरचा गिझर घ्यावा लागेल.