जुन्या बॉक्सिंग सरावातले काय ठेवावे आणि काय सोडावे

सोलापुरात माझ्याकडे बॉक्सिंग शिकायला येणारी बरीच मुले आधी तालमीत घाम गाळून आलेली असतात, आणि जोर-बैठका, पहाटेची धाव व दोरीवरच्या उड्या एवढ्यावर आजही भागते का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी त्यांना एकच कसोटी सांगतो. जुना व्यायाम रिंगमध्ये नेमका कोणत्या कामी येतो हे सांगता आले, तर तो ठेवावा. तो नुसती सोसण्याची परीक्षा घेत असेल, तर कितीही थोर खेळाडूने केलेला असला तरी सोडून द्यावा.

धावण्यापासून सुरुवात करू. अमेरिकेचा हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ व्यावसायिक लढती जिंकून १९५६ साली निवृत्त झाला आणि त्याच्या तयारीत रोजच्या लांब धावेला मोठे स्थान होते. मात्र त्याच्या काळी विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये अमेरिकी बॉक्सर रे मॅन्सिनीशी विजेतेपदासाठी लढताना दक्षिण कोरियाचा किम डुक-कू १४व्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत दगावला, त्यानंतर ही मर्यादा टप्प्याटप्प्याने १२ फेऱ्यांवर आली. आपल्या मुलांना जी हौशी लढत खेळायची असते, ती ३ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची असते. तिथे जोरात लढून एका मिनिटात श्वास ताळ्यावर आणावा लागतो. म्हणून आठवड्यातले दोन दिवस सोबत्याशी बोलता येईल अशा गतीने ४० मिनिटे धावावे, आणि दुसरे दोन दिवस ३ मिनिटे जोरात धावून १ मिनिट चालावे. असे चार ते सहा वेळा करावे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे ही धाव सकाळी सातच्या आत संपली पाहिजे.

दोरी जशी होती तशीच ठेवावी, कारण पायांची लय आणि पंजावर हलके उभे राहण्याची सवय इतक्या स्वस्तात दुसरे कोणतेही साधन देत नाही. दोरीच्या मध्यावर पाय ठेवून मुठी वर ओढल्या की त्या काखेपर्यंत याव्यात. उड्या मातीवर माराव्यात. शहाबादी फरशीवर रोज मारल्या तर नडग्या दुखू लागतात.

ठोसे मारायच्या टांगत्या बॅगेचे काम मात्र सावकाश समजून घ्यावे. पोत्यात वाळू भरून ते झाडाला टांगण्याची जुनी रीत आहे, पण वाळू खाली बसते आणि आठ-पंधरा दिवसांत पोत्याचा तळ दगडासारखा होतो. खालच्या बाजूला मारलेला हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, तिथे बसला की मनगट मुरगळलेच म्हणून समजा. आपल्या गावात यंत्रमागाच्या आणि गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांच्या चिंध्या सहज मिळतात. त्या आधी बारीक कापाव्यात, बटणे आणि चेन काढून टाकाव्यात, मग वीतभर थर टाकून तो मुसळाने सारखा दाबावा आणि त्यावर पुढचा थर द्यावा. मधोमध उभी जुनी चादर गुंडाळून ठेवली तर बॅग आकार सोडत नाही. तिचे वजन मारणाऱ्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असावे. हातांना पट्टी बांधताना बोटे पूर्ण पसरावीत आणि मनगटावर किमान तीन वेढे द्यावेत. मूठ वळल्यावर पट्टी घट्ट वाटावी, पण हात मोकळा सोडल्यावर बोटांना मुंग्या येता कामा नयेत.

जोर आणि बैठका खांदे-मांड्यांचा दम वाढवतात, म्हणून त्या राहू द्याव्यात. पण हजाराचा आकडा गाठल्याने ठोसा वेगवान होत नाही. वेगासाठी थोडक्याच वेळा, पण पूर्ण ताकदीने मेडिसिन बॉल, म्हणजे जड भरीव चेंडू, भिंतीवर फेकावा. तोच बॉल आडव्या पडलेल्या मुलाच्या पोटावर टाकण्याची प्रथा बंद करावी. मानेसाठी पाय आणि डोके जमिनीवर टेकवून, डोक्यावर भार देऊन अंगाची कमान करण्याचा ब्रिज नवख्याने करू नये, त्याचा ताण थेट मानेच्या मणक्यांवर येतो. त्याऐवजी कपाळाला टॉवेल लावून जोडीदाराने तो मागून हळू ओढावा आणि आपण मान स्थिर ठेवावी; मग हाच व्यायाम उरलेल्या तिन्ही दिशांनी करावा. मजबूत मानेमुळे ठोसा बसल्यावर डोक्याला कमी हिसका बसतो.

आता जे निःसंशय सोडायचे ते. सरावात पाणी प्यायले की अंग जड होते, असे मला लहानपणी शिकवले गेले, आणि एका मे महिन्यात बॅगेवर तिसरी फेरी मारताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी खाली बसलो. त्या दिवशी मला कोणी पाणी दिले नव्हते. आज माझ्या मुलांची बाटली रिंगच्या कोपऱ्यात असते आणि प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर ते घोटभर पाणी पितात. रबराचा सूट घालून घाम काढणे आणि वजन उतरवणे हे त्याहून वाईट आहे. १९९७ साली अमेरिकेत महिनाभराच्या काळात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच वजन उतरवताना मरण पावले, आणि त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत अशा सूटवर बंदी आली. उन्हाळ्यात आपल्या पत्र्याच्या शेडखाली हा प्रकार कोणी करू पाहत असेल, तर त्याला हाताला धरून थांबवावे. वजन कमी करायचे असेल तर दोन महिने आधीपासून जेवणाचा अंदाज घ्यावा. भाकरी, डाळ आणि उकडलेली अंडी पुरेशी आहेत. कच्च्या अंड्यांपेक्षा शिजवलेल्या अंड्यातली प्रथिने शरीर जास्त चांगली पचवते.

स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, आठवड्यातून एकदाच पुरे, तेही निम्म्या जोराने. बाकी दिवशी फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चालवायचा, किंवा एकाने मारायचे आणि दुसऱ्याने नुसते चुकवायचे, अशा ठरलेल्या फेऱ्या घ्याव्यात. डोक्याला ठोसा बसून मूल गांगरले, डोके दुखू लागले किंवा उलटी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत त्याला रिंगमध्ये उतरवू नये.