कोकण सायकल राइड: सायकल परत कशी आणायची ते आधी ठरवा

दिवाळी झाली, जरा थंडी पडली की अलिबाग ते गोवा सागरी मार्गाने सायकलवर जायचे बेत सुरू होतात आणि सगळे रूट, मुक्काम, मासे यावरच बोलत बसतात. माझं म्हणणं आहे की आधी सायकल घरी कशी येणार ते ठरवा, मग राइड कुठे संपवायची हे आपोआप ठरतं.

जाताना फार प्रश्न येत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत (गाड्या नेणाऱ्या बोटीत) सायकल चढवली की मांडवा, पुढे आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत सायकल घेतात. पुणेकर सरळ ताम्हिणी उतरून येतात.

खरा घोळ परतीचा. रेल्वेने यायचं तर शक्यतो राइड मडगावला संपवा, कारण कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या तिथूनच सुटतात आणि सीएसएमटीला संपतात, म्हणजे चढवायला वेळ मिळतो आणि सायकल उतरवायची राहून पुढे निघून गेली असं होत नाही. मधल्या छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात गार्डशेजारचा सामानाचा डबा उघडून सायकल कोण चढवणार? पुण्याला गोवा एक्सप्रेसने येत असाल तर ती पुढे दिल्लीकडे जाते, त्यामुळे उतरल्या उतरल्या त्या डब्याकडे पळायचं, चहा नंतर.

पार्सल ऑफिसात गेल्यावर 'लगेज' म्हणून बुक करायचंय असं स्पष्ट सांगा. लगेज म्हणजे तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीने. नुसतं पार्सल केलं तर जागा असेल त्या गाडीने जाते, तुम्ही घरी आणि सायकल मडगावात. तिकिटावर फुकट वजन मिळतं ना, असं बरेच जण विचारतात, पण ती सवलत सायकलला नाही, वेगळे पैसे भरावेच लागतात. डब्यात सीटखाली सरकवायचा विचारही नको, तिथे १०० × ६० × २५ सेंमीच्या वरचं सामान चालत नाही. तिकीट, आयडी, आणि असेल तर सायकलच्या बिलाची झेरॉक्स घेऊन दोन तास आधी पोचा.

पॅकिंगवर मात्र वेळ घालवा, इथे आळस केला की नुकसान नक्की. पेडल काढा, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं, उगाच ताकद लावून आटे घालवू नका. सीट किती वर होती तिथे टेप लावून खूण करा, मग खाली करा. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) सगळ्यात मोठ्या दातेरी चाकीवर आणून ठेवा म्हणजे तो आत राहतो, आणि त्यावर जुना टॉवेल गुंडाळा. डिस्क ब्रेक असेल आणि चाक काढलं असेल तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर कुणी लिव्हर दाबला की पॅड चिकटून बसतात. वरून बारदान, सुतळी, आणि दोन्ही बाजूंना जाड मार्करने नाव, मोबाईल, कुठून कुठे.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आणणं सोपं वाटतं, मीही आणली होती, पण वर बॅगा रचल्या आणि रोटर, म्हणजे डिस्क ब्रेकची चकती, वाकला. तेव्हापासून क्लीनरला आधीच सांगतो की सगळं सामान भरून झाल्यावर सायकल त्या सामानावर टाक, चेनची बाजू वर. विमानाचं म्हणाल तर डोमेस्टिकला साधारण १५ किलो मिळतात, सायकल आणि खोका मिळून ते सहज ओलांडतात, शिवाय ई-सायकलची मोठी बॅटरी नेऊच देत नाहीत.

दोनच दिवस फिरायचं असेल तर हे सगळं करू नका, सरळ भाड्याने घ्या. फक्त आपलं सीट आणि पेडल सोबत न्या, गुडघे वाचतात. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते घाट लागायच्या आधी बघा आणि ओरखड्यांचे फोटो मालकासमोरच काढा.

घरी आल्यावर पहिली राइड गल्लीतच, हँडल आणि पेडल घट्ट आहेत का बघत, आणि दहा मिनिटांनी परत एकदा पाना फिरवून.