गॅस भरल्याची पावती

सिव्हिलची पदवी घेऊन पुण्यात आलो, तेव्हा ग्रीन बिल्डिंग म्हणजे गच्चीवर सोलर आणि दारात झाडं एवढीच माझी समज होती. पहिलं वर्ष गेलं ते चलनं, म्हणजे मालाबरोबर येणाऱ्या पावत्या, गोळा करण्यात. आयजीबीसी असो की गृहा, ग्रीन बिल्डिंगच्या या दोन्ही रेटिंगला पुरावा लागतो: फ्लाय अ‍ॅशचे ब्लॉक किती किलोमीटरवरून आले, रंगात व्हीओसी (हवेत उडून जाणारी घातक रसायनं) किती, राडारोडा कुठे टाकला. साइटवरचा सुपरवायझर म्हणायचा, "साहेब, भिंत उभी राहिली, आता चलन कशाला?" त्याचंही बरोबर होतं. तेव्हापासून ट्रक गेटमधून आत आला की त्याच दिवशी मी फोटो काढून घेऊ लागलो.

पुढे 2021 मध्ये सेबीने बीआरएसआर, म्हणजे कंपनीच्या पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल आणला आणि 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना तो बंधनकारक झाला. कंपन्या एकदम माणसं शोधायला लागल्या. त्या लाटेत मीही एका कंपनीत शिरलो. सस्टेनेबिलिटी डिपार्टमेंट म्हणजे मी आणि एक एक्सेल शीट.

पहिल्याच वर्षी आपटलो. स्कोप 1 मध्ये, म्हणजे आपल्या आवारातून थेट होणाऱ्या उत्सर्जनात, मी जनरेटर आणि गाड्यांचं डिझेल, कॅन्टीनचा गॅस एवढंच धरलं होतं. आकडे तपासायला आलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्या एसीत गॅस भरत नाहीत का?" एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) फायलीत पावती सापडली: 'गॅस चार्जिंग, 1 जॉब'. किलो कुठेच नाहीत. शेवटी एसी बघणाऱ्या टेक्निशियनकडे गेलो. त्याच्या खिशातल्या डायरीत सिलिंडरचं आधीचं आणि नंतरचं वजन लिहिलेलं होतं. वर्षभरात 10 किलो आर-410ए, म्हणजे एसीतला थंडाव्याचा गॅस. जेवढा भरला, तेवढा आधी गळून हवेत गेलेला.

दहा किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? पण हा एक किलो गॅस सुमारे 2088 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे 10 किलोचे जवळपास 21 टन. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या हिशेबाने 7,800 लिटर डिझेल झालं. आमच्या जनरेटरने वर्षभरात तेवढं प्यायलंही नव्हतं. टेक्निशियन वर म्हणाला, "साहेब, दरवर्षी त्याच जॉइंटला लीक असतं. मला कुणी विचारलंच नाही." जॉइंट नीट ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून जोडून घेतला. सोलरच्या प्रेझेंटेशनला टाळ्या मिळतात, या कामाला मिळाल्या नाहीत.

आता नव्यांसाठी. महावितरणचं उच्चदाबाचं बिल वाचायला शिका. एप्रिल 2020 पासून त्यात आकारणी केव्हीएएचवर होते आणि अहवालाला लागतात केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिट. चुकीचा रकाना उचललेले अहवाल मी स्वतः दुरुस्त केले आहेत. परीक्षांत आयजीबीसी एपी (ग्रीन बिल्डिंग तज्ज्ञाची परीक्षा) द्या, पण खरी मेहनत बीईईच्या, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेच्या, ऊर्जा परीक्षेला लागते: तीन पेपर झाले की एनर्जी मॅनेजर, चौथा काढला की ऑडिटर. कामाच्या अनुभवाची अट आहे, त्यामुळे घाई करू नका. विजेच्या यंत्रणांवरचा तिसरा पेपर माझ्यासारख्या सिव्हिलवाल्याला दुसऱ्या खेपेला सुटला.

5 जूनला, पर्यावरण दिनी, झाडं लावायचं काम तुमच्याच गळ्यात पडणार, हेही धरून चाला. लावा. पण त्याच दिवशी चिलर, म्हणजे मोठ्या एसीचं यंत्र, चालवणाऱ्या ऑपरेटरबरोबर चहा घेऊन लॉगबुक बघून या.

हल्ली मुलाखत घ्यायला मी बसतो, तेव्हा एवढंच विचारतो: गेल्या महिन्यात घरी किती युनिट वीज जळली? बहुतेक जण रुपये सांगतात. मध्यंतरी एका मुलीने तिथेच आईला फोन लावून बिलाचा फोटो मागवला. ती आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, आणि गॅसच्या पावत्या तीच बघते.