सोलापूरच्या परसातून रोझेट तेजोमेघ टिपायचा, तर

दुर्बीण बसवायचा घरच्या वेधशाळेचा खांब रोवण्याआधी उत्तरेकडे बघा. सोलापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर असतो, म्हणजे शेजाऱ्यांची पाण्याची टाकीसुद्धा त्याला सहज झाकते. तो दिसत नसेल, तर माउंटचा, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीचा, अक्ष जुळवण्यातच निम्मी रात्र जाते. खांब गच्चीवर नको; कुणी जिना चढलं तरी स्लॅब हलतो. परसात खड्डा खणून काँक्रीटचा खांब घाला आणि भोवतालच्या फरशीपासून तो सुटा ठेवा. छप्पर पत्र्याचं असेल, तर तासभर आधी सरकवा, कोंडलेली गरम हवा निघून जाऊ द्या.

रोझेट हा चमकता वायुमेघ काक्षी (बीटलज्यूस) आणि प्रश्वा (प्रोसिऑन) या ठळक ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित दक्षिणेला, काक्षीकडून साधारण तिसऱ्या हिश्शावर आहे. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला मध्यरात्री तो सुमारे ७७ अंश उंचीवर येतो. शहराचा उजेड आणि धुरळा खालीच राहतो. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो, शहर झगमगतं, पण तेवढ्यासाठी रात्र सोडू नका. इतक्या उंचीवर दुर्बिणीची नळी खांबाला थडकू शकते, हे मात्र दिवसाउजेडी तपासून ठेवा.

या तेजोमेघातला हायड्रोजन मुख्यतः ६५६.३ नॅनोमीटरला लाल प्रकाश देतो. साध्या डीएसएलआरमधला फिल्टर नेमका तोच बराचसा अडवतो, म्हणून तो फिल्टर काढून घेतलेला किंवा खगोलासाठीचा कॅमेरा हवा. पुढे हायड्रोजन-ऑक्सिजनचा ड्युअल बँड फिल्टर, म्हणजे फक्त त्या दोन वायूंचा प्रकाश आत सोडणारा, लावा. गावातल्या दिव्यांवर माझ्या मते याहून चांगला उपाय नाही.

दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव्ह मास्क (फोकस जुळवायची खाचांची चकती) लावून ठळक ताऱ्यावर फोकस करा. रात्र गार होत जाते तसा तो सरकतो, तेव्हा दर तासाला पुन्हा बघा. गाइडिंग (तारा बघून माउंटची चूक आपोआप सुधारणं) सुरू करून पाच-पाच मिनिटांच्या ३६ फ्रेम, म्हणजे फोटो, घ्या, तीन तास होतात. दाणेदारपणा निम्मा करायचा तर फ्रेम दुप्पट नव्हे, चौपट लागतात. म्हणजे बारा तास, तेही तीन-चार रात्रींत विभागून.

शेवटी झाकण लावून तेवढ्याच वेळेच्या आणि तापमानाच्या डार्क फ्रेम घ्या; कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष त्यांनी वजा होतो. पहाटे नळीच्या तोंडावर पांढरं धोतर ताणून बांधा आणि उजळत्या आकाशाकडे रोखून फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग पुसायला लागणाऱ्या सपाट उजेडाच्या फ्रेम, घ्या. त्याआधी कॅमेरा फिरवलात, तर नळीतल्या काचांवरच्या धुळीचे डाग चित्रात तसेच राहतील. फ्रेम एकत्र करायला सिरिल हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, फुकटही आहे.