समुद्रपक्ष्यांच्या नोंदी ठेवताय? या चुका टाळा

आम्ही कोल्हापूरकर घाटावरची माणसं. कुरव (म्हणजे गल) बघायचे तर गगनबावडा घाट उतरून देवगड-मालवण गाठायचं, नाहीतर रंकाळा तलावावरच्या सुरयांवर (म्हणजे टर्नवर) भागवायचं. नोंदी आधीच तुटक, त्यात चुका झाल्या तर वही थेट रद्दीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पक्षी दिसला तरच लिहिणं. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. नंतर वही उघडली तर एप्रिल कोरा. कुरव मार्चअखेर निघून गेले, की लग्नसराईत मीच घाट उतरलो नाही? वहीला ठाऊक नव्हतं. आता ठरलेल्या जागी ठरलेला वेळ उभा राहतो आणि काही नसेल तर ठसठशीत शून्य लिहितो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवत असाल तर किती मिनिटं थांबलात, किती चाललात तेही भरा. ओळखलेले सगळे पक्षी दिले असतील तरच यादी 'पूर्ण' म्हणा. आकड्याऐवजी नुसती 'दिसला' अशी फुली मारू नका. ढोबळ अंदाजही फुलीपेक्षा बरा.

दुसरा घोटाळा नावामुळे होतो. तपकिरी डोक्याचा कुरव आपल्याकडे थंडीत येतो तेव्हा त्याचं डोकं तपकिरी नसतंच! पांढरं असतं, कानामागे फक्त गडद ठिपका. टोपी चढते ती परतीच्या आधी. वीण लडाख-तिबेटच्या तलावांवर. काळ्या डोक्याच्या कुरवापासून वेगळा काढायचा तर उडताना पंख बघा. तपकिरीवाल्याच्या काळ्या पंखटोकात पांढरे ठिपके असतात, तर दुसऱ्याच्या पंखाची पुढची कडा टोकाकडे पांढरी असते. रंकाळ्यावरचा नदी सुरयही असाच फसवतो. उन्हाळ्यात काळी टोपी आणि पिवळीधमक चोच, हिवाळ्यात टोपी विटलेली आणि चोचीचं टोक काळपट. नवखा माणूस दोन जाती लिहून मोकळा होतो. म्हणून थव्यातल्या किती जणांना टोपी चढली, कुरवांमध्ये किती जणांच्या शेपटीवर पिल्लांचा काळा पट्टा आहे, हेही लिहा. निघायची तयारी संख्येआधी इथं दिसते.

पर्यटक होडीतून शेव-गाठी उधळतात आणि कुरव मागे लागतात. तो थवा 'नैसर्गिक वर्तन' म्हणून लिहू नका.

पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेवणंही चुकीचंच. वादळी वाऱ्यात बूबी, फ्रिगेटसारखे खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर, कधी कधी आतल्या भागातही येऊन पडतात. असा दमलेला पक्षी सापडला तर 'पाण्याचाच आहे' म्हणून रंकाळ्यात सोडू नका, चोचीत पाणीही ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वन विभागाच्या 1926 वर फोन करा. पायात अभ्यासकांनी घातलेली कडी असेल तर फोटो घेऊन नंबर उतरवा, कडी काढू नका.

शेवटी, स्थलांतराचे नकाशे वाचताना. 2010 च्या अभ्यासात आर्क्टिक सुरय वर्षाला सरासरी 70,900 किमी उडतो हे कळलं, तेही 1.4 ग्रॅमच्या प्रकाशनोंद यंत्रामुळे. हे यंत्र दिवसाच्या लांबीवरून अक्षांश काढतं. 21 मार्च आणि 22-23 सप्टेंबरच्या आसपास दिवस सगळीकडे जवळपास सारखाच, त्यामुळे त्या दिवसांतल्या ठिपक्यांवरून पक्षी दक्षिणेला किती सरकला ते सांगू नका.